पार्लरचा दरफलक लांबतच चाललाय

गोधडी (धागाकर्ती)

पार्लरमध्ये नंबर लागेपर्यंत काय करायचं, म्हणून भिंतीवरचा दरफलक वाचून काढला. आयब्रो, अपर लिप, फोरहेड, चिन, साइड लॉक, फुल फेस, हाफ आर्म, फुल आर्म, अंडरआर्म, हाफ लेग, फुल लेग, पाठ, पोट, बिकिनी आणि सगळ्यात खाली पायाची बोटं. पायाची बोटं! मी कॉलेजात होते तेव्हा, म्हणजे 1990 च्या दशकाच्या शेवटी, आमच्या तालुक्याच्या गावी भुवया कोरून येणं हाच मोठा पराक्रम होता. आईच्या लक्षात आलं की दोन दिवस अबोला. हातांचं वॅक्सिंग लग्नाआधी एकदाच, तेही मेंदी उठून दिसावी म्हणून. पार्लरात जायची लाज वाटणाऱ्या मुली ॲन फ्रेंच या केस काढायच्या क्रीमची ट्यूब आणायच्या आणि तो वास घरभर झाला की बिंग फुटायचं. पायांचं कोण बघतंय, ते सलवारीत.

आता जिकडेतिकडे ऐकू येतं की काळ बदलला, केस ठेवायचे की काढायचे हे ज्याचं त्याने ठरवावं. काखेतले केस दाखवणाऱ्या मुलींच्या फोटोंना भरभरून बदाम मिळतात. मग हा फलक लांबला कसा? मला तर असं दिसतंय की बोलणं मोकळं झालं, नियम मात्र तिळभरही सैल झाला नाही. उलट ज्या भागाकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं तो यादीत आला, आणि सुरुवात करायचं वय खाली घसरलं.

माझी मुलगी सातवीत आहे. केस दाट, वरच्या ओठावर लव. तशी माझ्याही होती. वर्गातली काही मुलं तिला 'भाऊ' म्हणतात. हल्ली फोटो काढताना ती तोंडावर हात धरते. परवा म्हणाली, "मला अपर लिप करायचंय." हो म्हणावं तर त्या मुलांचंच खरं होतं. नाही म्हणावं तर तत्त्व माझं आणि चिडवणं तिच्या वाट्याला. नवरा म्हणतो, "करून टाक ना, एवढं काय." सासूबाई म्हणतात, मसुराच्या डाळीचं पीठ लाव.

तुमच्या घरी काय होतं, काय आहे, ते लिहा. 'नैसर्गिक सौंदर्य जपा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते मला व्हॉट्सॲपवर रोज सकाळी मिळतात.

मुक्ताफळं

वाचतेय. चांगला धागा.

तिरफळ

सातवी कुठली घेऊन बसलीस, आमच्याकडे बाराव्या दिवसापासून सुरुवात होते. न्हाऊ घालायला येणारी बाई डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून बाळाला चोळायची. मुलगा असला की चोळणं ताकदीसाठी. मुलगी असली की कपाळ, पाठ आणि दंड जरा जास्तच रगडायचे, "लव आत्ताच गेली पाहिजे, नंतर जात नाही." पोर टाहो फोडतंय आणि चार बायका कौतुकाने बघतायत. माझ्या लेकीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते, पिठाने फक्त कातडी सोलते. घरी येऊन सांगितलं, तर बाईच माझ्यावर रुसली.

मसुराच्या पिठाने केस जात नाहीत गं. तोंड स्वच्छ होतं, झालं तर.

अनुस्वार

थोडं रच्याकने (जाता जाता), पण विषयाला धरून. अंगावर केस किती असावेत याचा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे, त्यात 'नालोमिकां नातिलोमां' असं येतं. म्हणजे अंगावर अजिबात लव नसलेलीही नको आणि फार असलेलीही नको. बिनकेसांची काया हा आदर्श तिथेही नाही.

कालिदास तर पुढे गेला. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याचं वर्णन करताना नाभीकडे जाणाऱ्या नव्या, नाजूक रोमरेषेवर एक अख्खा श्लोक खर्च केलाय. मेखलेतल्या नीलमण्याची प्रभाच जणू, असं म्हणतो. संस्कृत काव्यात ही रोमावली सौंदर्याचं ठरीव लक्षण आहे. आज गोधडी यांच्या पार्लरात ती 'पोट' या ओळीत येते आणि तिचे पैसे पडतात.

इराणमध्ये एकोणिसाव्या शतकात, काजार राजवटीत, बाईच्या ओठावरची बारीक मिशी सुंदर मानली जायची. तेव्हाच्या चित्रांत ती मुद्दाम रंगवलेली दिसते. म्हणजे 'निसर्गतःच पुरुषांना गुळगुळीत बाई आवडते' हे विधान फार दूर जात नाही.

मोकळी_वेणी

@अनुस्वार, माहिती छान, पण मनूही पुरुष आणि कालिदासही पुरुष. एकाने नापास केलं, एकाने पास केलं. पेपर तपासणारे तेच.

अनुस्वार

मान्य.

पार्लरताई

मी इचलकरंजीत पार्लर चालवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं लिहिते. राग मानू नका.

सुरुवातीला आम्ही वॅक्स घरीच करायचो. साखर, लिंबू, पाणी. पाक जरा पुढे गेला की गोळी, मागे राहिला की चिकट पाणी. जुन्या जीन्सच्या पट्ट्या कापून धुऊन वापरायच्या. मग तयार डबे आले, मग चेहऱ्यासाठी कटोरी वॅक्स, मग चॉकलेट वॅक्स, मग रिका ब्रँडचं. भुवयांमध्ये फार सुटत नाही, दोऱ्याचं काम आहे आणि पाच मिनिटांत होतं. पण भुवयांसाठी बाई खुर्चीत बसते, मान मागे टाकते आणि तेव्हाच विचारायचं, "ताई, अपर लिप पण करू का? थोडे आलेत." हे कोर्समध्ये शिकवतात. मीही माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींना शिकवलंय. दहातल्या निम्म्याहून जास्त जणी हो म्हणतात, कारण तुम्ही 'आलेत' म्हटल्यावर नाही म्हणायची हिंमत होत नाही. पायाची बोटं यादीत अशीच आली. पेडिक्युअर करताना दिसतात, म्हणून विचारलं जातं.

म्हणून गोधडीताई, तुमचा फलक कुणी समाजाने लिहिला नाही, आमच्यासारख्यांनीच लिहिला. भाडं निघायला हवं आणि मुलींचे पगारही.

पण एक सांगते. सहावी-सातवीतल्या मुलींना आया घेऊन येतात तेव्हा मी मुलीलाच विचारते, तुला हवंय का. बऱ्याचदा ती आईकडे बघते. मग मी फक्त भुवयांच्या मधले दोन केस काढते आणि पाठवून देते. चेहऱ्याला कटोरी वॅक्स तर त्या वयात मी लावतच नाही, कातडी निघते.

कोकणकडा

पार्लरताई, प्रांजळ प्रतिसाद. आवडला.

घाटमाथा

पुरुष म्हणून लिहितोय, दगड मारू नका. मला हा मुळात स्वच्छतेचा प्रश्न वाटतो. आम्हीही रोज दाढी करतोच की. आणि आता जिममधली पोरं छाती-पाठ वॅक्स करून घेतात. दबाव सगळ्यांवर आहे.

मोकळी_वेणी

दाढी न करता ऑफिसला गेलात तर लोक म्हणतात, "काय राव, बिअर्ड ठेवताय का?" आणि जिममधल्या पोराने पाठ नाही केली तर त्याचं लग्न अडत नाही. फरक तेवढाच.

आता माझं. मला पीसीओएस आहे, म्हणजे हॉर्मोन्सचा असमतोल. हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड केस येतात, लव नव्हे. हॉस्टेलवर असताना खोलीतल्या बाकीच्या उठायच्या आत चिमटा घेऊन बाथरूममध्ये जायचे. खिडकीच्या उजेडात बसायची जागाही ठरवून घेते, ही सवय अजून गेली नाही. कांदेपोह्यांच्या वेळी मावशीने आईला सल्ला दिला होता, "दुपारी बोलवू नका, संध्याकाळी बोलवा."

त्यामुळे 'ज्याचं त्याने ठरवावं' हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. ज्यांच्या काखेत चार केस आहेत त्यांनी ते दाखवले तर बंड. माझ्या हनुवटीवर दिसले तर "अगं, डॉक्टरला दाखव." ब्रिटनमधल्या हरनाम कौर दाढीसकट वावरतात, त्यांचं नाव गिनीज बुकात आलंय. केरळात कण्णूरकडच्या एका बाईंनी मिशी ठेवली, 2022 मध्ये तिची बातमी झाली. दोघींना माझा सलाम. पण बातमी झाली हेच बघा ना. माझ्यासारख्या हजारो जणी चिमटा पर्समध्ये घेऊन कामाला जातात, त्यांची बातमी होत नाही.

तिरफळ

वेणी, संध्याकाळी बोलवा :( आमच्याकडे रंगासाठी हाच सल्ला असायचा.

शेवग्याची_शेंग

त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे, म्हणून काही गोष्टी.

बाईच्या अंगावर पुरुषी ठिकाणी (ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग) जाड, काळे केस येणं वेगळं आणि सगळ्या अंगावर लव जास्त असणं वेगळं. पहिल्यात हॉर्मोन्स बघावे लागतात, दुसरं बहुधा घराण्यातून येतं. हे मोजायला आम्ही फेरिमन-गॉल्वे ही मोजणी वापरतो. शरीराचे 9 भाग, प्रत्येकाला 0 ते 4, म्हणजे कमाल 36. साधारण 8 च्या पुढे गेलं की 'जास्त' म्हणायचा प्रघात. पण ही मोजणी 1961 मध्ये ब्रिटनमधल्या बायका तपासून बनवली होती. वंशानुसार ही सीमा वर-खाली होते. दाट केसांच्या घराण्यातली मुलगी या तक्त्यात 'जास्त' ठरली तरी ती आजारी असेलच असं नाही.

तपासणी कधी करावी? पाळी अनियमित असेल, केस अचानक आणि भराभर वाढले असतील, आवाज घोगरा होत असेल, डोक्यावरचे केस पातळ होत असतील तर. सातवीतल्या मुलीच्या ओठावरची मऊ लव यात बसत नाही.

लेझरबद्दल सगळे विचारतात. तो प्रकाश केसातलं काळं रंगद्रव्य शोषतं आणि मूळ तापतं. आपली कातडीही सावळी, म्हणजे तिथेही तेच रंगद्रव्य, त्यामुळे चुकीच्या यंत्राने भाजतं आणि डाग राहतात. सावळ्या त्वचेला लांब तरंगलांबीचं, 1064 नॅनोमीटरचं यंत्र जास्त सुरक्षित. आणि हे जाहिरातीत येत नाही: चेहऱ्यावरच्या मऊ लवेवर लेझर मारलं तर काही जणींमध्ये केस उलट जाड होऊन वाढतात. वयात येणाऱ्या मुलीला तर मी लेझरला हातच लावणार नाही.

आणखी एक. 'गोरं' होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टिरॉइडवाली मलमं महिनोन्महिने लावणाऱ्या मुली येतात. कातडी पातळ, लाल शिरा, पुरळ आणि चेहऱ्यावर केस. म्हणजे सौंदर्याच्या एका नियमामागे धावताना दुसऱ्या नियमात नापास.

वस्तऱ्याने केस दाट येतात हे खरं नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ बाईंनी 1928 मध्येच हे तपासलं होतं. केस मध्ये कापला की टोक बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं.

@घाटमाथा, स्वच्छतेचं म्हणाल तर अंघोळ पुरते. उलट वॅक्सिंग आणि वस्तऱ्याने बारीक जखमा, आत वळलेले केस, पुटकुळ्या याच तक्रारी माझ्याकडे येतात.

घाटमाथा

ठीक आहे डॉक्टर, स्वच्छतेचा मुद्दा मागे घेतो. दबावाचा नाही.

स्प्रेकाठी

बर्लिनहून. इथे सॉनात कपडे घालून जायची पद्धत नाही, त्यामुळे न बघूनही दिसतं. साठीच्या पुढच्या बायकांना केस आहेत आणि त्या बिनधास्त आहेत. विशी-तिशीतल्या मुली जवळपास सगळ्या गुळगुळीत. 1980 च्या दशकात इथली गायिका नेना काखेतल्या केसांसकट स्टेजवर गायची, आणि ब्रिटिश पेपरांना गाण्यापेक्षा त्याचंच अप्रूप. 1999 मध्ये लंडनला ज्यूलिया रॉबर्ट्सने हात वर केला तर जगभर फोटो. म्हणजे जुन्या बायका जास्त मोकळ्या होत्या. गोधडीचं म्हणणं इथेही लागू पडतं.

आता उलटी लाट म्हणतात तीही आहे. 2018 मध्ये एका अमेरिकन रेझर कंपनीने पहिल्यांदा जाहिरातीत खरे केस दाखवले. तोवर बायकांच्या रेझरच्या जाहिरातीत आधीच गुळगुळीत असलेल्या पायावर रेझर फिरवायचे! पण शेवटी विकायचं होतं ते रेझरच.

अनुस्वार

स्प्रेकाठी यांना पुरवणी. अमेरिकेत हे सगळं बिनबाह्यांच्या कपड्यांबरोबर आलं. 1915 मध्ये जिलेटने खास बायकांसाठी पहिला रेझर काढला, त्याच सुमारास मासिकांत काखेतल्या 'आक्षेपार्ह' केसांच्या जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी तिथल्या बहुसंख्य बायकांना काख हा प्रश्नच नव्हता. पुढे जे झालं ते भयंकर आहे. 1920 च्या दशकात एक्स-रेने केस घालवणारी दुकानं निघाली, गिऱ्हाइकांना नंतर कॅन्सर झाले. 1930 च्या दशकात थॅलियम, म्हणजे उंदीर मारायचं विष, घातलेलं मलम विकलं गेलं. बायकांच्या नसा गेल्या, डोक्यावरचे केस गेले. 1938 मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला त्यामागे अशी प्रकरणं होती.

आजीचा_चष्मा

मी बहात्तर वर्षांची आहे. नात टाइप करून देते आहे.

तुम्ही नको असलेल्या केसांबद्दल लिहिता आहात. माझ्या वडिलांची आत्या आलवणात, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्यात, होती. तिला डोक्यावरचे केस हवे होते, ते ठेवू दिले नाहीत. दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा. 1890 च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं, हे मी पुढे वाचलं. आमच्या गावच्या न्हाव्यापर्यंत ते फार उशिरा पोचलं. आत्याआजी म्हणायची, सधवेचा केस तुटला तर अपशकुन आणि माझा उगवला तर पाप.

आमच्या वेळी हातापायांवरच्या केसांचं कुणाला काही नव्हतं हे मात्र खरं. नऊवारी, चोळी पूर्ण बाह्यांची. पण "मुलगी केसाळ आहे" असं बायका आपसात बोलायच्या. बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एखादी बाई बांगड्या बघायच्या निमित्ताने हात हातात घ्यायची. म्हणून सगळं पूर्वी छान होतं असंही लिहू नका.

नातीने लेझर केलं. मी विचारलं दुखतं का. म्हणाली, रबर बँड चटकन लागावं तसं. मी म्हटलं, तुझे पैसे, तुझी कातडी.

मुक्ताफळं

आज्जी __/\__

बांधावरची

परभणी जिल्ह्यातून लिहिते. आमच्याकडं खुरपायला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो आम्ही, डोक्याला रुमाल. कोण केस बघतंय. एका फुल आर्मच्या पैशात निम्म्या दिवसाची मजुरी जाते. पण लग्न ठरलं की त्या मजुरी करणाऱ्या घरातली पोरगी पण तालुक्याला पॅकेज करायला जाते, कारण आता व्हिडिओ शूटिंगवाला जवळून शूट करतो. नवरीच्या हाताचा, मेंदीचा. आधी फोटोत सगळं वऱ्हाड एकत्र बसायचं, त्यात कुणाचा हात कुठं दिसायचा?

मला वाटतं पार्लरपेक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जास्त केलं.

कोकणकडा

बांधावरची यांचा मुद्दा लाखमोलाचा. 2024 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला राज्यात पहिली आलेली मुलगी आठवा. तिचा फोटो फिरला आणि गुण राहिले बाजूला, लोक तिच्या ओठावरच्या केसांवर तुटून पडले. मग एका रेझर कंपनीने 'तुला छळून आमचं रेझर वापरायला लावू नये' अशा अर्थाची पानभर जाहिरात दिली. म्हणजे सहानुभूतीवरही छाप कंपनीचीच. त्यांनाही लोकांनी झोडपलं, हे बरं झालं.

गोधडी

सगळ्यांचे आभार, विशेषतः आज्जींचे. डॉक्टर, म्हणजे छोटं फेस रेझर चालेल? तिची समजूत अशी आहे की एकदा केलं की दाढी येईल. ट्रॉटरबाईंचं तिला सांगितलं, तर म्हणाली 1928 चं कसं काय खरं धरायचं.

शेवग्याची_शेंग

:) केस आणि कात्री तेव्हापासून बदललेली नाहीत म्हणावं. चालेल. तिचं स्वतंत्र रेझर, कोरडं आणि स्वच्छ ठेवलेलं. आधी तोंड धुऊन साधं मॉइश्चरायझर, दाब न देता वरून खाली. मुरुमं असतील तिथे फिरवायचं नाही. ब्लीच नको, त्या वयात फार चुरचुरतं. आणि कधीही थांबवता येतं हेही सांगा. दर काही दिवसांनी करायलाच हवं असं नाही.

मोकळी_वेणी

इतके प्रतिसाद झाले आणि सगळे मुलीच्या ओठाबद्दल. 'भाऊ' म्हणणाऱ्या पोरांचं काय? शाळेत कुणी बोललं का?

गोधडी

बोलले. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलं मस्ती करतात, वय आहे." पालकांच्या ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, तर त्यातल्याच एका मुलाच्या आईचं उत्तर आलं, "काढून टाका ना, आजकाल किती सोपं आहे." खाली तीन अंगठे. तिन्ही आयांचेच. आता शनिवारी पालकसभा आहे, तिथे उभं राहून बोलणार आहे. मुलीला विचारलं, तुझं नाव घेऊ का. म्हणाली, घे, पण मिशी शब्द नको वापरूस.

पार्लरताई

ग्रुपवर उत्तर देणाऱ्या त्या आई कुठल्या पार्लरात जातात? इकडे आल्या तर मी त्यांच्या हनुवटीपासून सुरुवात करीन.